सॉफ्टवेअरचे काम बाहेर देताना कोणते मॉडेल निवडावे : एका कारखानदाराच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत आपला पंपांचे सुटे भाग तयार करण्याचा कारखाना आहे आणि सुमारे दोनशे डीलर आहेत. ऑर्डर आजही फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येतात. डीलरला स्वतः ऑर्डर टाकता यावी, येणे बाकी पाहता यावी आणि माल निघाला की नाही हे कळावे, असे सॉफ्टवेअर आपल्याला करून घ्यायचे आहे आणि ते टॅलीशी, म्हणजे आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी, जोडलेले हवे आहे. आपल्याकडे तीन कोटेशन आली आहेत. पहिली कंपनी पाच महिन्यांत संपूर्ण काम १८ लाख रुपयांत करून देण्यास तयार आहे. दुसरी दोन डेव्हलपर आपल्या कार्यालयात बसवून माणशी महिना ९० हजार रुपये घेणार आहे. तिसरी कंपनी पुण्यातूनच काम करणारी चार जणांची टीम महिना साडेतीन लाखांना देऊ करते. यांतले स्वस्त आणि सुरक्षित मॉडेल कोणते, असे आपण विचारले आहे.

मी आधी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत अशी कोटेशन तयार करत असे आणि आता कारखानदारांच्या बाजूने ती तपासतो, म्हणून दोन्ही बाजू कसा हिशेब करतात हे सांगू शकतो. सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की ही एकाच वस्तूची तीन दरपत्रके नाहीत. पहिली कंपनी आपल्याला कागदावर वर्णन केलेले सॉफ्टवेअर विकत आहे, दुसरी माणसांचे तास विकत आहे आणि तिसरी प्रमुखासह एक काम करणारा गट भाड्याने देत आहे. घर ठेक्याने बांधायला देणे आणि गवंडी रोजंदारीवर लावून स्वतः उभे राहून बांधून घेणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. ठेक्यात अंदाज चुकला तर पहिला फटका ठेकेदाराला बसतो, रोजंदारीत तो मालकाला बसतो. म्हणून ९० हजार गुणिले दोन गुणिले पाच म्हणजे नऊ लाख, आणि ते १८ लाखांच्या निम्मे, अशी जी बेरीज आपण प्रश्नात मांडली आहे ती बाजूला ठेवावी. त्या नऊ लाखांत कामाची आखणी करणारा अनुभवी माणूस नाही, टेस्टिंग करणारा नाही, आणि पाच महिन्यांत काम पूर्ण होईल असे आश्वासन तर मुळीच नाही.

कोणते मॉडेल योग्य हे काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या आपल्यालाच तपासाव्या लागतील. काय हवे आहे ते किती पक्के ठरले आहे, सॉफ्टवेअर चालू झाल्यावर त्यात किती काळ बदल होत राहणार आहेत, आपल्याकडे तांत्रिक बाजू समजणारा कोणी आहे का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण माझ्या अनुभवात निकाल ज्या गोष्टीवर लागतो ती वेगळीच आहे. आपल्या कारखान्यात रोज दीड-दोन तास देऊन डेव्हलपरच्या प्रश्नांना उत्तरे देणारा आणि ती उत्तरे देण्याचा अधिकार असलेला माणूस आहे का? तो संगणकाचा जाणकार असण्याची गरज नाही. त्याला डिस्पॅच, उधारी आणि डीलरशी असलेले व्यवहार आतून माहीत हवेत आणि "साहेबांना विचारून सांगतो" असे त्याला दर वेळी म्हणावे लागू नये. असा माणूस देता येत नसेल, तर महिन्याच्या बिलावर चालणारे कोणतेही मॉडेल घेऊ नये, कारण उत्तराची वाट पाहत बसलेल्या डेव्हलपरचेही बिल येतच राहते.

याला इतके महत्त्व का, हे एका उदाहरणावरून पटेल. आपल्या मागणीपत्रात "ऑर्डर बुकिंग, डिस्पॅच आणि टॅली इंटिग्रेशन" अशी एक ओळ आहे. आता कोरेगावच्या एका डीलरने ५० इंपेलर (पंपातील पाणी ढकलणारे फिरते चाक) मागवले आणि स्टॉकमध्ये ३८ च आहेत असे धरा. ३८ पाठवले तर उरलेले १२ आपोआप बाकी ऑर्डरमध्ये राहतील की रद्द होतील? ते पुढच्या आठवड्यात पाठवताना मध्येच दर बदलला असेल तर बिल जुन्या दराने होईल की नव्या? दहावर एक मोफत अशी योजना चालू असेल तर ३८ वर किती मोफत द्यायचे, आणि १२ मागाहून गेल्यावर ५० ची योजना लागू करायची का? त्या डीलरची उधारीची मर्यादा संपली असेल तर ऑर्डर अडवायची की नुसती सूचना द्यायची, आणि ती अडवली तर सोडण्याचा अधिकार कोणाला? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्या डिस्पॅच बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात आहे, पण ते कोठेही लिहिलेले नाही, आणि डीलर जुना की नवा यानुसार ते बदलते.

टॅलीच्या जोडणीतही असेच असते. टॅलीतील डीलरच्या खात्याचे नाव, ऑर्डर देताना वापरले जाणारे नाव आणि जीएसटी नोंदणीवरील नाव ही तिन्ही वेगवेगळी असल्याचे बहुतेक कारखान्यांत आढळते, आणि एकच सुटा भाग दोन नावांनी नोंदलेला असतो. आपली उलाढाल ५ कोटींपेक्षा अधिक असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद, सक्तीचे आहे. ते पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात, त्यानंतर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम वजा करणारा कागद, काढावी लागते. गाडी निघाल्यावर बिलात चूक लक्षात आली तर नव्या सॉफ्टवेअरने काय करावे, हे कोणी तरी ठरवलेच पाहिजे. कोटेशनमधल्या त्या एका ओळीत निदान महिनाभराचे निर्णय दडलेले आहेत.

आता पहिल्या, म्हणजे ठरावीक रकमेच्या फिक्स्ड प्राइस मॉडेलकडे येऊ. १८ लाखांचा आकडा काढणाऱ्या कंपनीला वरचे प्रश्न माहीत नाहीत, पण असे प्रश्न निघणार हे तिला पक्के माहीत आहे. म्हणून ती दोन मार्गांपैकी एक धरते. एक तर अंदाजात मोठी वाढ धरून ठेवते आणि ती किंमत आपण देतो, मग अडचणी निघोत वा न निघोत. नाही तर काम मिळवण्यासाठी आकडा कमी ठेवते आणि प्रत्येक न लिहिलेल्या गोष्टीसाठी पुढे चेंज रिक्वेस्ट, म्हणजे जादा पैशांची बदलाची मागणी, काढते. दुसरा प्रकार अधिक त्रासाचा असतो, कारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपण निम्म्याहून अधिक पैसे दिलेले असतात आणि "हे स्कोपमध्ये (ठरलेल्या कामात) नव्हते" या वाक्याला आपल्याकडे कागदोपत्री उत्तर नसते. यात कंपनीचा अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. ठरलेल्या रकमेत काम बसवायचे तर तिला कामाची सीमा आखावीच लागते.

असे असले तरी फिक्स्ड प्राइस वाईट मुळीच नाही. काम छोटे असेल, दोन-तीन महिन्यांत संपणारे असेल आणि प्रत्येक पडदा (स्क्रीन) व प्रत्येक नियम लिहून काढलेला असेल, तर लहान उद्योगासाठी मी तेच सुचवतो, कारण खर्च आधी कळतो आणि रोजची देखरेख कमी लागते. मात्र पैशांचे हप्ते "५० टक्के काम पूर्ण" अशा शब्दांवर बांधू नयेत. काम स्वीकारण्याची कसोटी आपल्याच जुन्या व्यवहारांतून तयार करावी. गेल्या वर्षातली सर्वांत गुंतागुंतीची तीस-चाळीस बिले काढावीत, ज्यांत अर्धवट डिस्पॅच, परत आलेला माल, योजनेची क्रेडिट नोट, बदललेला दर असे सगळे प्रकार येतील, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती टाकल्यावर टॅलीत पैशापैशाने तीच बाकी दिसली तरच हप्ता द्यायचा, असे करारात लिहावे. ही कसोटी दोन्ही बाजूंना समजते आणि वाद थांबवते.

दुसरे मॉडेल, ज्याला स्टाफ ऑगमेंटेशन म्हणतात, ते मुळात ज्यांची स्वतःची सॉफ्टवेअर टीम आहे आणि काही काळ दोन हात जास्त हवे आहेत अशा कंपन्यांसाठी आहे. तेथे काम वाटून देणारा, कोड तपासणारा आणि "हे चुकीच्या पद्धतीने केले आहे" असे सांगू शकणारा वरिष्ठ माणूस घरचाच असतो. आपल्याकडे तो नाही. आपला भाचा नुकताच इंजिनिअर झाला आहे आणि तो लक्ष ठेवेल असे आपण लिहिले आहे. तो हुशार असेल यात मला शंका नाही, पण डेटाबेसची रचना चुकते आहे हे ओळखायला जो अनुभव लागतो तो पहिल्या दोन वर्षांत येत नाही, आणि ती चूक दोनशे डीलर एकाच वेळी महिनाअखेरीस ऑर्डर टाकू लागतील तेव्हा दिसते. भाच्याला या कामात जरूर घ्यावे, पण कंपनीच्या वरिष्ठ डेव्हलपरच्या हाताखाली. पुढे सॉफ्टवेअर सांभाळायला घरचा माणूस तयार होईल आणि हा लाभ मोठा आहे.

तरीही कोणत्याही टप्प्यावर माणशी दराने डेव्हलपर घ्यायचे झाले, तर दरापेक्षा बदलीच्या अटींवर अधिक घासाघीस करावी. पुण्यात अनुभवी डेव्हलपर नोकरी बदलणार हे गृहीतच धरावे लागते. माणूस गेला तर किती दिवसांत दुसरा मिळेल, जुना आणि नवा किती दिवस एकत्र काम करतील, आणि त्या काळात नव्या माणसाचे बिल कोण भरेल, हे लिहून घ्यावे. नव्या माणसाच्या पहिल्या दोन आठवड्यांचे बिल कंपनीने सोसावे, असा माझा आग्रह असतो आणि बहुतेक कंपन्या तो मान्य करतात. मुलाखत आपण घेतलेला माणूसच कामावर आला आहे याचीही खात्री करावी.

तिसरे मॉडेल डेडिकेटेड टीमचे, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेल्या गटाचे. काम वर्षानुवर्षे चालणार असेल तर ते चांगले, कारण टीम आपला धंदा शिकते आणि ते शिकणे वाया जात नाही. पण "चार जण" म्हणजे नक्की कोण, हे विचारलेच पाहिजे. पुष्कळदा त्यांतला प्रमुख तीन गिऱ्हाइकांमध्ये वाटलेला असतो, टेस्टर निम्मा असतो आणि पूर्ण वेळ काम करणारे दोघेच असतात. हे गैर नाही, फक्त आपण पैसे कशाचे देतो ते कळायला हवे. आपल्या कामाचा आकार पाहता चार जणांची टीम पहिल्याच महिन्यापासून लावणे मला घाईचे वाटते. नियम ठरलेले नसताना चार जणांना पुरेल इतके स्पष्ट काम आपला डिस्पॅचचा माणूस रोज देऊ शकणार नाही. साडेतीन लाख गुणिले पाच महिने म्हणजे साडेसतरा लाख, म्हणजे जवळजवळ पहिल्या कोटेशनइतकीच रक्कम, पण येथे पाच महिन्यांनंतर काम अपुरे राहिले तर सहाव्या महिन्याचे बिल आपल्याच नावावर आहे. आधी टीम चालवून नंतर ती आपल्याकडे सोपवण्याचे आणखी एक मॉडेल आपण कोठे वाचले असेल; ते सहसा भारतात स्वतःचे केंद्र उभारू पाहणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी असते, त्याचा येथे विचार करण्याचे कारण नाही.

या सगळ्यावरून आपल्यासाठी मी जो मार्ग सुचवेन तो टप्प्याटप्प्यांचा आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांचा अभ्यासाचा टप्पा ठरावीक रकमेत, स्वतंत्र करार करून द्यावा. या काळात कंपनीचा अनुभवी माणूस कागलला येऊन डिस्पॅचजवळ बसेल, व्यवहार पाहील आणि प्रत्येक नियम, पडदा व टॅलीतील नोंद लिहून देईल. तो दस्तऐवज आपल्या मालकीचा राहील आणि तो हातात घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचे स्वातंत्र्य आपल्याला राहील, असे आधीच लिहावे. हे पैसे वाया गेले असे अनेक मालकांना वाटते, पण त्यानंतर मागवलेली कोटेशन खऱ्या अर्थाने तुलना करण्याजोगी असतात.

त्यानंतर ऑर्डर, उधारीची मर्यादा आणि टॅली एवढाच गाभा आधी करून घ्यावा, आणि तो प्रत्यक्ष तासांच्या बिलावर पण कमाल मर्यादा घालून करावा. मर्यादेच्या आत जेवढे काम झाले तेवढेच बिल, मर्यादा ओलांडली तर पुढचे तास सवलतीच्या दराने किंवा दोघांनी अर्धे अर्धे सोसायचे, दर पंधरवड्याला चालू स्थितीतील सॉफ्टवेअर दाखवायचे, आणि महिन्याच्या सूचनेवर काम थांबवण्याची मुभा, या अटींवर मध्यम आकाराच्या कंपन्या सहसा तयार होतात. गाडीचा माग, डीलरसाठीचे मोबाइल ॲप, योजनांचे अहवाल या गोष्टी गाभा दोन महिनाअखेरी सुरळीत चालल्यावर घ्याव्यात. पुढे एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, करताना महिन्याला बदलांचे ठरावीक तास त्यातच धरावेत, नाही तर प्रत्येक लहान बदलासाठी नवे कोटेशन येत राहते. अर्थात अभ्यासाच्या टप्प्यात सर्व नियम अपेक्षेपेक्षा सोपे निघाले, तर गाभ्याचे कामही बिनधास्त फिक्स्ड प्राइसने द्यावे.

मॉडेल कोणतेही असले तरी मालकीचा मुद्दा सुटू देऊ नये, कारण "पैसे आम्ही दिले म्हणजे सॉफ्टवेअर आमचे" हा समज कायद्याला धरून नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो आणि त्याची पहिली मालकी निर्मात्याकडे असते. नोकराने नोकरीत केलेले काम मालकाचे होते, पण बाहेरच्या कंपनीने किंवा फ्रीलान्सरने केलेले काम लेखी हस्तांतर होईपर्यंत त्यांचेच राहते. हस्तांतराचा करार लेखी आणि सही केलेला असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो फक्त भारत, असे याच कायद्याच्या कलम १९ मध्ये मानले आहे. हस्तांतरित हक्क एका वर्षात वापरले नाहीत तर ते संपतात, अशी तरतूदही तेथे आहे, मात्र करारात वेगळे लिहून ती टाळता येते. म्हणून कायमस्वरूपी, जगभरासाठी आणि ही एक वर्षाची अट लागू होणार नाही, असे स्पष्ट शब्द वकिलाकडून घालून घ्यावेत. कंपनीने आपली जुनी तयार सामग्री वापरली असेल तर तिची मालकी ती देणार नाही आणि तसा हट्टही धरू नये. ती कायम वापरण्याचा आणि दुसऱ्याकडून बदलून घेण्याचा परवाना मिळाला की पुरे.

कागदाइतकीच खात्यांची मालकी महत्त्वाची आहे. डोमेन, क्लाउडचे खाते, सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) ठेवण्याची रिपॉझिटरी, प्ले स्टोअरचे डेव्हलपर खाते आणि डीएलटी नोंदणी (कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवण्यासाठी लागणारी) ही सर्व पहिल्या दिवसापासून आपल्या कंपनीच्या ईमेलवर आणि आपल्या कार्डवर उघडावीत आणि व्हेंडरला, म्हणजे सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीला, त्यांत काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. सोर्स कोड शेवटी पेन ड्राइव्हवर मिळेल, या बोलीवर राहू नये. रोजचा कोड रोज आपल्या रिपॉझिटरीत आला पाहिजे. संबंध बिघडल्यावर डोमेन परत मिळवण्यासाठी महिनोन्महिने पत्रव्यवहार करणारे कारखानदार मी पाहिले आहेत, आणि त्या काळात त्यांच्या डीलरना ऑर्डर टाकता येत नव्हत्या.

डीलरचे मोबाइल क्रमांक, पॅन, बँकेचे तपशील हे सगळे या सॉफ्टवेअरमध्ये जाणार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अशा माहितीची जबाबदारी ती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर राहते, प्रक्रिया करणारी कंपनी बाहेरची असली तरीही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. म्हणून टेस्टिंगसाठी डीलरची खरी यादी मेलने पाठवू नये. नावे आणि क्रमांक बदललेली प्रत द्यावी.

पैसे देण्याबाबत एक गोष्ट कारखानदारांच्या नजरेतून सुटते. व्हेंडर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत त्याला पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते आणि वर्षाअखेरीस थकलेला तो खर्च आयकराच्या हिशेबात त्या वर्षी वजा मिळत नाही. काम पसंत नाही म्हणून नुसते पैसे अडवून ठेवणे त्यामुळे अंगाशी येते. काम हाती आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारल्याचे मानले जाते. वर सांगितलेली बिलांची कसोटी या पंधरा दिवसांत पार पडली पाहिजे आणि त्रुटींची यादी ईमेलने गेली पाहिजे. जीएसटी तिन्ही कोटेशनवर १८ टक्के आहे आणि आपल्याला त्याचे क्रेडिट मिळत असल्यास तुलना कराशिवायच्या रकमांवर करावी. टीडीएसचा दर मात्र कामाच्या स्वरूपाप्रमाणे बदलतो, तो आपल्या सीएकडून ठरवून घ्यावा.

आपल्या हातातील तीन कोटेशनचे आता असे करावे. दुसऱ्या कंपनीला नम्रपणे नकार द्यावा, कारण तिचे मॉडेल चालवण्यासाठी लागणारा वरिष्ठ तांत्रिक माणूस आपल्याकडे नाही. पहिल्या आणि तिसऱ्या कंपनीकडे फक्त अभ्यासाच्या टप्प्याचे कोटेशन मागावे आणि तो टप्पा करणाऱ्या प्रत्यक्ष माणसाशी तासभर बोलावे. त्याने अर्धवट डिस्पॅच, उधारी आणि टॅलीतील नावांबद्दल स्वतःहून प्रश्न विचारले, तर त्याला हे काम आधी केल्याचा अनुभव आहे. दोघांनाही करारात एक अट मान्य आहे का, तेही विचारावे : गाभा अर्धा झाल्यावर आपण निवडलेला एखादा त्रयस्थ डेव्हलपर आपल्या रिपॉझिटरीतून कोड घेऊन, व्हेंडरच्या मदतीशिवाय, लेखी सूचनांच्या आधारे कोऱ्या संगणकावर सॉफ्टवेअर सुरू करून पाहील, आणि ते सुरू झाले तरच पुढचा हप्ता दिला जाईल. त्या डेव्हलपरला दोन दिवसांचे मानधन आपणच द्यावे. ही अट मान्य करणारी कंपनी महिन्याला थोडी महाग पडली तरी मी तिलाच काम देईन, कारण पुढे कधी व्हेंडर बदलण्याची वेळ आली तर डीलरच्या ऑर्डर एक दिवसही थांबणार नाहीत.